वय वंदना कार्डात न बसणारी कवळी

केंद्र सरकारने 29 ऑक्टोबर 2024 रोजी आयुष्मान भारत योजनेचा विस्तार करून 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकासाठी, उत्पन्नाची अट न घालता, वय वंदना कार्ड खुले केले. भिलाईच्या सेक्टर 10 मधील वृद्धालाही या कार्डावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, परंतु दाढ किडली म्हणून तेच कार्ड घेऊन तो दंतवैद्याकडे गेला, तर त्याला बहुधा खिशातूनच पैसे मोजावे लागतात. कारण ही योजना आंतररुग्ण सेवेवर, म्हणजे रुग्णालयात दाखल करून घ्याव्या लागणाऱ्या उपचारांवर, उभी आहे. दातांतील कीड भरणे, रूट कॅनाल आणि झिजेवरचे इलाज तिने वगळले असून आजारामुळे किंवा इजेमुळे दाखल होण्याची वेळ आली, तरच अपवाद केला आहे. जबड्याचे हाड मोडले किंवा तोंडाचा कर्करोग झाला तर कार्ड कामी येते, दुखणे दाढेपुरते असेपर्यंत मात्र येत नाही, आणि ही या योजनेतील खरी उणीव आहे.

कवळीचे उदाहरण घेतल्यास ही उणीव स्पष्ट दिसते. हिरड्यांचे माप घेणे, मेणाच्या साच्यावर वरच्या व खालच्या दातांचा मेळ बसवून पाहणे, तयार कवळी घातल्यावर जिथे टोचते तिथे ती घासून देणे, असे हे काम अनेक खेपांत चालते. त्यात एकदाही खाटेची गरज पडत नाही. दात नसलेला माणूस भाकरी, शेंगदाणे, कच्ची भाजी सोडून मऊ भातावर येतो, त्याचे पोषण खालावते, तरीही विम्याच्या हिशेबात हा आजार ठरत नाही, हे अन्यायाचे आहे. कॅनडाने आपल्या राष्ट्रीय दंतसेवा योजनेची नोंदणी डिसेंबर 2023 मध्ये वृद्धांपासूनच सुरू केली आणि तीत कवळीचाही समावेश केला.

भारतात कवळीची तरतूद वेगळ्या खात्यात सापडते. 1 एप्रिल 2017 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील किंवा महिन्याला 15 हजार रुपयांपेक्षा अधिक उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांबरोबर कृत्रिम दातही मोफत देण्याची सोय आहे. दात काढणे किंवा भरणे यासाठी सरकारी रुग्णालयाचा दंतविभाग आणि रायपूरचे शासकीय दंत महाविद्यालय हे मार्ग उरतात. भिलाईतही खासगी दंत महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करीत असल्याने खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, वेळ मात्र अधिक लागतो.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना शेजारच्या सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा आधार आहे. कारखान्याची मालक कंपनी असलेल्या सेलच्या मेडिक्लेमचे जे सदस्य आहेत, त्यांनी बाह्यरुग्ण खर्चाच्या मर्यादेत दातांचे बिल धरले जाते का, हे त्या वर्षीच्या पॉलिसीत नूतनीकरणापूर्वीच पाहून घ्यावे. राज्य कामगार विम्यात किमान 5 वर्षे राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, आणि खासगी कारखान्यांत नोकरी केलेल्या अनेकांच्या हाती असलेला हा हक्क केवळ अर्ज न केल्यामुळे वाया जातो.