एकाच्या शोधात (भाग ७) : खडोलीचा मोनो

गणित आणि संगणकातल्या मोनॅडवर या आठवड्यात लिहिणार होतो. ते पुढच्या भागावर ढकलतो, कारण मध्येच खडोलीहून एक प्रश्न आला आणि तो मला सोडवेना. पॉलिएस्टर चिप्सच्या कारखान्यात पाळी करणारे एक वाचक विचारतात : आमच्याकडे एमईजी येतं, म्हणजे मोनोएथिलीन ग्लायकॉल. त्यातला मोनो आणि तुमच्या लायब्निट्सचा मोनॅड एकच का?

घराणं एकच, ग्रीक 'मोनोस'चं. पण एमईजीतला मोनो नुसती मोजणी करतो. ग्लायकॉलचा घटक एकटा असला की एमईजी, दोन जोडले गेले की डीईजी, तीन की टीईजी. तत्त्वज्ञ लायब्निट्सचा मोनॅड म्हणजे त्याच्या मते ज्यापासून सगळं बनलं ते मूळ एकक. त्याला तर भागच नाहीत आणि खिडक्याही नाहीत. बाहेरचं आत शिरत नाही, आतलं बाहेर पडत नाही. असे मोनॅड कितीही गोळा केले तरी त्यांचा धागा व्हायचा नाही.

या दोघांखेरीज आणखी एक मोनॅड आहे. तो आता जवळजवळ विस्मरणात गेला, पण माझा फार लाडका. १८६०-७० च्या सुमाराचे रसायनशास्त्रज्ञ, ज्या अणूला संयोगासाठी एकच हात आहे, त्याला मोनॅड म्हणत. हायड्रोजन, क्लोरीन हे मोनॅड. ऑक्सिजन डायॅड, नायट्रोजन ट्रायॅड, कार्बन टेट्रॅड. हातांच्या या संख्येलाच आज शाळेत आपण संयुजा म्हणतो.

हातांचा हा हिशेब रेणूंना लावून पाहा. एमईजीच्या रेणूला दोन टोकांना दोन हायड्रॉक्सिल गट. पॉलिएस्टरसाठी त्याच्या जोडीला लागणाऱ्या पीटीएच्या, म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्लाच्या, रेणूला दोन टोकांना दोन आम्लगट. दोघांनी एकेक हात धरला की पाण्याचा रेणू सुटतो, आणि जोडीच्या दोन्ही टोकांना एकेक हात मोकळा उरतो. म्हणून साखळी वाढत जाते. पुढे २८० अंश सेल्सिअसच्या आसपास, निर्वातात, सुटलेलं ग्लायकॉल ओढून काढलं की सुमारे शंभर घटकांची, धाग्याच्या प्रतीची साखळी तयार होते. साखळीसाठी दोन हातांचे रेणू लागतात, हे नायलॉनच्या वॉलेस कॅरदर्सने १९२९ पासूनच्या कामात स्वच्छ मांडलं. बेन्झॉइक आम्लासारखा एका हाताचा रेणू मध्ये आला, तर तो साखळीचं टोक धरतो आणि पुढे द्यायला त्याच्याकडे हातच नसतो. साखळी तिथे संपते. असे रेणू वाढले की साखळ्या आखूड राहतात आणि तुमच्या प्रयोगशाळेत आयव्ही, म्हणजे आंतरिक श्यानता, पडलेली दिसते.

म्हणजे खडोलीकर, तुमचं एमईजी नावाने मोनो आणि कामाने डायॅड. खरा मोनॅड तुमच्या रिॲक्टरमध्ये नको असलेला पाहुणा.

युक्लिडने सातव्या पुस्तकात संख्या म्हणजे एककांचा समूह अशी व्याख्या केली. त्या हिशेबाने एक ही संख्याच नव्हे. संख्या दोनपासून सुरू होतात. पॉलिएस्टरलाही किमान दोन हात लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे, तरी त्या शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या भागात मात्र नक्की संगणकातला मोनॅड : युजेनियो मोज्जीचा त्यावरचा १९८९ चा निबंध आणि हॅस्केल ही संगणकभाषा. तोवर 'मोनॅडॉलॉजी'चे पहिले सात परिच्छेद वाचून ठेवा. १७१४ साली लिहिलेलं सगळं पुस्तकच ९० छोट्या परिच्छेदांचं आहे, आणि खिडक्यांचा मुद्दा सातव्यात येतो.