विश्लेषण : गिटमधील ‘इन्स्टेडऑफ’ सेटिंग गोंधळात का टाकते?

सॉफ्टवेअर प्रकल्पाचा कोड ज्या सर्व्हरवर असतो, तो सर्व्हर किंवा तिथे जाण्याची पद्धत बदलली, की शेकडो ठिकाणी लिहिलेले पत्ते बदलावे लागतात. ‘गिट’मध्ये यावर एका ओळीचा उपाय आहे. मात्र त्या सेटिंगचे नाव नीट समजले नाही, तर तोच उपाय अडचण ठरतो.

सेटिंग नेमके काय करते?

‘यूआरएल-इन्स्टेडऑफ’ हे सेटिंग पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलते. गिटहबने १५ मार्च २०२२ पासून एन्क्रिप्शन नसलेला जुना ‘गिट’ प्रोटोकॉल कायमचा बंद केला. जुने पत्ते असलेले प्रकल्प त्यामुळे अडले. अशा वेळी प्रत्येक फाइल न उघडता ‘जुना पत्ता दिसला, की एचटीटीपीएसने जा’ एवढा नियम पुरतो.

मग गोंधळ कुठे होतो?

मराठीत आपण ‘जुन्याऐवजी नवा’ असे म्हणतो. इथे क्रम उलटा आहे. सेटिंगच्या नावातच नवा पत्ता येतो आणि बरोबरच्या चिन्हापुढे जुना. वाचताना ‘नवा पत्ता वापरा, या जुन्याऐवजी’ असे वाचावे. क्रम चुकला, तर जे एचटीटीपीएस पत्ते नीट चालत होते, तेही बंद झालेल्या प्रोटोकॉलकडे वळतात. सेटिंग लिहिताना मात्र कोणतीही सूचना येत नाही.

‘पुशइन्स्टेडऑफ’ वेगळे कसे?

साधे ‘इन्स्टेडऑफ’ कोड आणताना आणि पाठवताना, दोन्ही वेळी लागू होते. ते नावावरून कळत नाही. ‘पुशइन्स्टेडऑफ’ फक्त पाठवताना लागू होते आणि तसे नावातच म्हटले आहे. रिमोटला स्वतंत्र ‘पुशयूआरएल’ दिला असेल, तर त्या रिमोटसाठी हा नियम दुर्लक्षिला जातो.

स्वतःची लघुनावे कशी ठेवावीत?

लांब पत्त्याऐवजी ‘ऑफिस:’ किंवा ‘घर:’ अशी लघुनावेही ठेवता येतात. एक-दोन अक्षरी नावे टाळावीत, कारण सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ आठवत नाही. शेवटी कोलन किंवा स्लॅश असावा. नाहीतर त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा पत्ताही बदलू शकतो. दोन नियम जुळले, तर गिट सर्वांत लांब जुळणारा नियम निवडते.

लघुनाव फक्त आपल्याच संगणकाला कळते. सबमॉड्यूलच्या सामायिक फाइलमध्ये ते लिहिले, तर सहकाऱ्याच्या संगणकावर प्रकल्प अडतो.

खात्री कशी करावी?

‘गिट रिमोट’ला ‘-व्ही’ जोडून चालवल्यास बदललेला, म्हणजे प्रत्यक्ष वापरला जाणारा पत्ता दिसतो. फाइलमध्ये मूळ काय लिहिले आहे, हे ‘गिट कॉन्फिग’ सांगते. दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर मध्ये एखादा नियम काम करत आहे, हे समजावे. गोपनीय कोड पाठवण्यापूर्वी ही तपासणी जरूर करावी. चुकीच्या सर्व्हरवर गेलेला कोड परत घेणे सोपे नसते.