कुलूप भक्कम, पण किल्ली कुठे?

वाण्याची वही ही एके काळी गल्लीतली सर्वांत बोलकी वही असे. गुपित म्हणून लिहिलेले तिच्यात काहीच नसे. अमक्या घरी साखर किती, तेल कोणते, चहाची पुडी किती दिवसांनी, एवढ्याच नोंदी. पण त्याच वहीची चार पाने कोणी निवांत चाळली, की कोणाकडची साखर एकाएकी बंद झाली, कोणाकडे डिंक आणि खारीक गेली, कोणाची उधारी तीन महिने थकली हे सारे त्याला उमगे. एकेक नोंद क्षुल्लक असते, नोंदींची बेरीज मात्र तशी नसते. दागिने तिजोरीत ठेवणारा माणूस या वहीचा विचारही करीत नसे.

आज ही वही आपल्या खिशात आहे. मोबाइलमधले प्रत्येक ॲप आपल्या आवडीनिवडी लक्षात ठेवते. भाषा मराठी हवी, अक्षर मोठे हवे, जेवण शाकाहारी हवे, रात्री नऊला गोळीची आठवण हवी, मागच्या पाळीची तारीख ही, प्रार्थनेच्या वेळा या गावच्या, आणि पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारू नये. संगणकाच्या भाषेत याला 'प्रेफरन्सेस' म्हणतात. नावच इतके निरुपद्रवी आहे, की ते लिहिणाऱ्याला आणि वापरणाऱ्यालाही त्यात जपण्यासारखे काही दिसत नाही. पण मोठे अक्षर निवडणारा माणूस बहुधा वयस्कर असतो, हे फसवणूक करणाऱ्याला चांगले कळते. गोळीची वेळ आजार सांगते, पाळीची तारीख त्याहून पुष्कळ काही सांगते. आणि 'पुन्हा पासवर्ड विचारू नको' या सोयीसाठी ॲप जी खूणचिठ्ठी जपून ठेवते, ती ज्याच्या हाती लागेल तो आपल्या नावाने आत शिरू शकतो.

साध्या कागदावरची नोंद

या नोंदी राहतात कुठे? अँड्रॉइड फोनवर त्या बहुतेक वेळा 'शेअर्ड प्रेफरन्सेस' नावाच्या व्यवस्थेत जातात. ही व्यवस्था म्हणजे ॲपच्या स्वतःच्या कप्प्यातली एक साधी फाइल असते. एका बाजूला नोंदीचे नाव, दुसऱ्या बाजूला तिची किंमत. ती उघडली तर शाळकरी मुलालाही वाचता येईल. आयफोनवरही 'युझर डिफॉल्ट्स' नावाची अशीच सोय आहे आणि तिचीही फाइल ॲपच्या कप्प्यात मुळात साध्याच रूपात लिहिली जाते.

अर्थात, हे दोन्ही फोन बनवणारे काही अडाणी नव्हेत. त्यांचा भरवसा भिंतींवर होता. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र भाडेकरूसारखे वागवले जाते आणि एकाच्या खोलीत दुसऱ्याला जाता येत नाही. अलीकडच्या फोनमध्ये सारी साठवणच कूटबद्ध असते, त्यामुळे बंद पडलेल्या फोनची चिप काढून वाचणे सोपे राहिलेले नाही. पण भिंतीला दारे असतात आणि ती उघडी राहतात.

२०११ साली अँड्रॉइडवरच्या स्काइपमध्ये नेमके हेच आढळले. ॲपने आपल्या फाइलींना योग्य परवानगीचे बंधन घातलेले नव्हते आणि आतला मजकूरही कूटबद्ध नव्हता. परिणामी, त्याच फोनवरच्या कोणत्याही इतर ॲपला वापरणाऱ्याचे नाव, जन्मतारीख, संपर्कांची यादी आणि संभाषणे वाचता येत होती. कंपनीने थोड्याच दिवसांत दुरुस्ती केली. पुढे २०१४च्या जानेवारीत स्टारबक्स या कॉफी विकणाऱ्या कंपनीच्या आयफोनवरील ॲपची अशीच गोष्ट बाहेर आली. ग्राहकाचे नाव, ई-मेल आणि पासवर्डसुद्धा फोनमधल्या एका नोंदफाइलीत उघड्या अक्षरांत पडले होते. फोन संगणकाला जोडला, की ते वाचता येत होते. पासवर्ड मुद्दाम उघडा ठेवावा असे तिथे कोणी ठरवले नसणार. ॲप कुठे अडखळले याचा हिशेब ठेवणाऱ्या फाइलीत तो आपोआप उतरला होता. ग्राहकाची सोय म्हणून ठेवलेली गोष्ट अशीच भलत्या जागी जाऊन पडते.

याखेरीज फोनची नक्कल, म्हणजे बॅकअप, हा वेगळाच मार्ग आहे. फोनच्या भिंती फोनपुरत्या असतात. तीच फाइल नकलेतून संगणकावर किंवा कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर गेली, की तिथल्या भिंती किती जाड आहेत यावर सारे अवलंबून. शिवाय फोनवरचे मूळ निर्बंध काढून टाकणारे हौशी लोक असतात, आणि तसे निर्बंध गुपचूप मोडणारी घातक ॲपही असतात. तेव्हा भिंतीबरोबर वहीलाही कुलूप हवे. तिची अक्षरेच अशी करायची, की वही हाती लागूनही वाचता येऊ नये. एन्क्रिप्शन म्हणजे एवढेच.

करपल्लवी आणि कर्कहॉफ

सांकेतिक बोलणे मराठी माणसाला नवीन नाही. बोटांच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवी आपल्या परिचयाची आहे. तिचे सारे बळ ती पद्धत दुसऱ्याला ठाऊक नसण्यात असते. एकदा खुणा कळल्या, की पुढचे प्रत्येक बोलणे उघडे. ऑगुस्त कर्कहॉफ या भाषेच्या अभ्यासकाने १८८३ साली फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहिताना याच्या उलट विचार मांडला. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त असावी ती फक्त किल्ली, असे त्याच्या म्हणण्याचे सार. आजचे सारे एन्क्रिप्शन याच विचारावर उभे आहे.

अमेरिकेने २००१ साली मानक म्हणून स्वीकारलेली 'एईएस' ही पद्धत जोन डेमेन आणि विन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी घडवली. तिचे प्रत्येक पाऊल छापील आहे आणि जगभरच्या गणितज्ञांनी ते तपासले आहे. तिच्या २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ आकडी संख्या लागते. सगळ्या किल्ल्या लावून पाहण्याचा मार्ग तिथेच संपतो.

आवडीनिवडींच्या फाइलीला हे कुलूप लावताना दोन बारकावे सांभाळावे लागतात. पहिला असा की, किमतीइतकेच नोंदीचे नावही बोलके असते. 'एचआयव्हीच्या गोळीची वेळ' हे नाव उघडे ठेवून पुढची वेळ लपवण्यात काय अर्थ? म्हणून नावेही झाकावी लागतात, पण अशा रीतीने, की ॲपला तीच नोंद पुन्हा शोधता यावी. त्यासाठी एका नावाचे झाकलेले रूप दर वेळी तेच येईल अशी पद्धत वापरतात. किमती मात्र दर वेळी वेगळ्या दिसाव्या लागतात, नाहीतर दोन नोंदी सारख्या आहेत एवढे तरी पाहणाऱ्याला कळतेच. दुसरा बारकावा फेरफाराचा. वही न वाचताही खोडता येते. 'मोठ्या रकमेपूर्वी विचार' ही नोंद कोणी 'विचारू नको' अशी करून ठेवली तर? 'जीसीएम' नावाची रीत झाकलेल्या मजकुराबरोबर एक लाखेची मोहोरही लावते. अक्षर हलले की मोहोर जुळत नाही आणि ॲप ती नोंद नाकारते.

चौकटीवरची किल्ली

कुलपाचा प्रश्न असा जवळजवळ सुटलेला आहे. खरा घोटाळा किल्लीचा आहे. घराला भक्कम कुलूप लावून किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवण्याची आपली जुनी सवय संगणकाच्या जगातही आहे. कुलूप उघडायला ॲपलाच किल्ली लागते, म्हणून लिहिणारा ती ॲपच्या आतच लिहून ठेवतो. पण ॲप हे लाखो लोकांना वाटलेले असते. ते उकलून पाहणे अनुभवी माणसाला अवघड नाही, आणि एकाची किल्ली सापडली की सगळ्यांची सापडते.

व्हॉट्सॲपसारख्या बलाढ्य ॲपच्या बाबतीतही हे घडले. त्या काळच्या अँड्रॉइड आवृत्त्या संभाषणांची नक्कल फोनच्या मेमरी कार्डावर कूटबद्ध करून ठेवत. पण किल्ली सर्वांच्या फोनवर एकच होती आणि ती जाणकारांना सापडलेली होती. २०१४च्या मार्चमध्ये बास बॉसशर्ट या डच सल्लागाराने दाखवून दिले, की मेमरी कार्ड वाचण्याची परवानगी मिळवलेले कोणतेही ॲप ही नक्कल पळवू शकते आणि ती मग उघडता येते. कुलूप एईएसचेच होते. पुढच्या आवृत्त्यांत ही रीत बदलली गेली.

मग किल्ली ठेवायची कुठे? याचे उत्तर फोन बनवणाऱ्यांनी यंत्रातच शोधले. २०१३च्या आयफोन ५एसपासून ॲपलने मुख्य चिपमध्येच 'सिक्युअर एन्क्लेव्ह' नावाची वेगळी कोठडी बांधली. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या ४.३ या आवृत्तीत ॲपना वापरता येईल असे 'कीस्टोअर' आले. आज बहुतेक फोनमध्ये त्यालाही अशाच कोठडीचा आधार असतो. किल्ली कोठडीतच घडते आणि तिथून कधीच बाहेर येत नाही. ॲपने मजकूर झरोक्यातून आत द्यायचा आणि झाकलेला किंवा उघडलेला परत घ्यायचा. ॲप उकलून पाहिले तरी किल्ली हाती लागत नाही, कारण ती ॲपमध्ये नसतेच.

हे सर्व प्रत्येकाला नीट जमेल असे नाही, म्हणून गूगलने २०१९मध्ये आवडीनिवडींच्या फाइलीसाठी एक तयार पेटी पुढे आणली. असंख्य ॲपनी ती वापरली, आणि एक नवे दुखणे उघडकीस आले. माणूस फोन बदलतो. जुन्या फोनची नक्कल नव्यावर उतरते, पण किल्ली जुन्या फोनच्या कोठडीतच राहते. झाकलेली वही आली, उघडायला मात्र काही नाही, अशा अवस्थेत ॲप उघडताक्षणी कोसळे. ही फाइल नकलेतून वगळायची आणि उघडली नाहीच तर कोरी वही सुरू करायची, एवढी तजवीज ज्यांनी केली त्यांचे निभावले. २०२५ साली गूगलने ही तयार पेटी वापरू नये असे सुचवून फोनचे मूळ कीस्टोअरच थेट वापरण्याकडे बोट दाखवले. कुलूप विकत आणता येते, किल्लीची जबाबदारी कोणाकडून विकत घेता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

चोर कोण?

एवढे करून कोणापासून रक्षण होते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. हरवलेला फोन, चोरलेली नक्कल, शेजारच्या खोलीतून डोकावणारे ॲप, यांच्यापासून होते. पण पिन सांगून दुरुस्तीला दिलेला फोन, किंवा घरातल्या चौघांत मिळून वापरला जाणारा फोन, यांच्यापुढे हे कुलूप फारसे चालत नाही. ॲप ज्याच्या हातात उघडते, त्याला ते मालकच समजते. सासरी राहणाऱ्या मुलीच्या पाळीच्या नोंदी तिच्या मर्जीविरुद्ध कोणी वाचत असेल, तर तो वाचणारा बहुधा कूटशास्त्राचा जाणकार नसतो, त्याला तिचा पिन ठाऊक असतो. अशा ॲपने उघडताना स्वतंत्रपणे बोटाचा ठसा मागितला पाहिजे आणि किल्ली त्या ठशाशी बांधली पाहिजे. दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये ही सोय आहे. ती वापरण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

आणि दुकानदारच वही विकत असेल तर? फ्लो या पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपने वापरणाऱ्या स्त्रियांची आरोग्यविषयक माहिती खासगी ठेवण्याचे आश्वासन देऊन ती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांच्या विश्लेषण सेवांकडे जाऊ दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२१ साली कंपनीशी त्यावर समझोता झाला. फोनमधले कोणतेही कुलूप इथे उपयोगी पडले नसते, कारण वही मालकाच्याच हाताने दिली गेली होती. इथे कायदाच हवा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७च्या ऑगस्टमध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांपर्यंतचे टप्पे आखले गेले. माहितीच्या रक्षणाची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि नियमांत एन्क्रिप्शनचा नावानिशी उल्लेख आहे. हे स्वागतार्हच. पण किल्ली चौकटीवर ठेवूनही 'आमच्याकडे एन्क्रिप्शन आहे' असे म्हणता येते, याचा तपासणाऱ्यांना विसर पडू नये.

म्हणून ॲप बनवणाऱ्याने नोंद लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ही नोंद ठेवायलाच हवी का? ठेवायची तर किती दिवस? आणि झाकायची तर किल्ली कोणाकडे? पुष्कळशा नोंदी पहिल्याच प्रश्नापाशी गळून पडतील, आणि न लिहिलेली नोंद कोणालाच चोरता येत नाही. अक्षर मोठे करून घेणाऱ्या आजोबांना यातले काही कळणार नाही आणि कळण्याची गरजही नसावी. त्यांनी फक्त एक सोय मागितली आहे. तिच्या बदल्यात आपण आणखी काय लिहून घेतले, याचा हिशेब ज्याने लिहिले त्यानेच दिला पाहिजे.