किंगसाहेबांना बॉस नाही

एक कंपनी आहे. माणसं १४, खाती चार. अध्यक्ष किंगसाहेब, पगार ५०००. तळाला स्मिथ नावाचा कारकून, पगार ८००. हिशेबखातं न्यूयॉर्कला, संशोधन डॅलसला, विक्री शिकागोला. बॉस्टनला ऑपरेशन्स नावाचं चौथं खातं आहे, पण त्यात औषधालाही माणूस नाही. स्मिथला जवळजवळ रोज पगारवाढ मिळते आणि तास संपला की ती परत घेतली जाते. पुण्यात, दादरला, नागपूर-कोल्हापूरच्या संगणकवर्गांत जे कोणी ओरॅकल शिकले, त्यांना पहिल्या नोकरीतल्या सहकाऱ्यांची नावं कदाचित आठवणार नाहीत. पण स्मिथ, ॲलन, वॉर्ड, जोन्स ही यादी ते झोपेतही म्हणून दाखवतील.

ही कंपनी खरी नाही. ओरॅकल या डेटाबेससोबत सरावासाठी येणाऱ्या दोन तक्त्यांत तिचा सगळा संसार आहे. डेटाबेस म्हणजे बँकेतली शिल्लक, रेल्वेचं आरक्षण, सातबाऱ्याच्या नोंदी जिथे मांडून ठेवलेल्या असतात ती जागा, आणि तिला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. सरावाच्या तक्त्यांपर्यंत पोचायचं तर नाव टाकायचं ‘स्कॉट’ आणि पासवर्ड ‘टायगर’. ब्रूस स्कॉट हे ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या कर्मचाऱ्यांपैकी एक. टायगर हे त्यांच्या मुलीच्या मांजराचं नाव. ही जोडी इतकी सर्वतोमुखी झाली की खऱ्याखुऱ्या सर्व्हरवर कोणी ते खातं उघडं ठेवलंय का, हे तपासणं सुरक्षावाल्यांच्या यादीत वर्षानुवर्षं राहिलं.

स्कॉट स्वतः त्या तक्त्यात आहेत. पद ॲनालिस्ट, पगार ३०००. त्यांचे बॉस जोन्स, पगार २९७५. ‘आपल्या बॉसपेक्षा जास्त पगार घेणारे शोधा’ हा वर्गातला ठरलेला प्रश्न, आणि उत्तरात स्कॉट आणि फोर्ड ही दोन नावं आली की हशाही ठरलेला. हसता हसता एकच तक्ता स्वतःशीच कसा जोडायचा हे पोरं शिकून जातात.

खरी गंमत मात्र किंगसाहेबांची. त्यांना बॉस नाही, म्हणून त्या रकान्यात काहीच नाही. डेटाबेसच्या भाषेत या ‘काहीच नाही’ला नल म्हणतात. तो शून्य नव्हे आणि कोरी जागाही नव्हे. त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा. आता विचारा : ज्यांच्या हाताखाली कोणीच काम करत नाही, अशी माणसं दाखव. डोळ्यांनी मोजलं तर आठ निघतात. पण ‘बॉसांच्या यादीत ज्यांचा नंबर नाही ते दाखव’ असा सरळसोट प्रश्न टाकला तर उत्तर येतं : एकही नाही. कारण त्या यादीत किंगसाहेबांमुळे एक नल घुसलेला असतो. स्मिथचा नंबर त्या ‘माहीत नाही’पेक्षा वेगळा आहे का? सांगता येत नाही. ज्याच्याबद्दल खात्री नाही त्याला डेटाबेस उत्तरात घेत नाही. म्हणून आठही जण बाद. एका साहेबाच्या रिकाम्या रकान्यापायी सगळे कारकून गायब, हा विनोद ज्यानं एकदा ऐकला तो ही चूक सहसा करत नाही. नियम म्हणून पाठ केलेलं परीक्षेनंतर उडून जातं.

या धंद्यातला विनोद आणि प्रशिक्षण वेगळं काढता येत नाही, असं मला वाटतं ते यामुळेच. इथली मोठी चूक खऱ्या माहितीवर, खऱ्या सर्व्हरवरच घडते, आणि तिथे ती परवडत नाही. सरावासाठी मुद्दाम बँक बुडवून बघता येत नाही. मग आधीच्या पिढीत कोणाच्या तरी हातून जे झालं, ते किस्सा होऊन पुढच्या बॅचला मिळतं.

सगळ्यांत जुना किस्सा ‘व्हेअर’चा. माहिती बदलायची वा पुसायची आज्ञा देताना कोणत्या ओळींवर, हे या शब्दानं सांगायचं असतं. तो राहिला, तर ‘स्मिथचा पगार १००० कर’ याचं ‘सगळ्यांचा पगार १००० कर’ होतं, आणि यंत्र कसलीही शंका न काढता किती ओळी बदलल्या त्याचा आकडा सांगून मोकळं होतं. १४ ऐवजी तो आकडा आठ-दहा लाखांचा दिसला की माणसाच्या पोटात जो गोळा येतो, त्यावर डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींचे निम्मे विनोद उभे आहेत. मायएसक्यूएल बनवणाऱ्यांनी तर तो विनोद अवजारातच घातला. ‘व्हेअर’शिवाय ओळी बदलू किंवा पुसू न देणारी एक सोय त्यात आहे, तिचं शिष्ट नाव ‘सेफ अपडेट्स’, आणि दुसरं, तितकंच अधिकृत नाव ‘आय ॲम अ डमी’. म्हणजे ‘मी ढ आहे’ असं स्वहस्ते लिहून दिलं की यंत्र तुमची काळजी घेणार. अनुभवी माणसंच ते बिनदिक्कत लिहितात. नव्यांना लाज वाटते.

पगारवाढीचाच आणखी एक किस्सा थेट पाठ्यपुस्तकात जाऊन बसला. १९७६ साली आयबीएममध्ये डॉन चेंबरलिन, पॅट सेलिंजर आणि मॉर्टन ॲस्ट्राहान काम करत होते. आज्ञा साधी : २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असणाऱ्यांना १० टक्के वाढ. ती बिनबोभाट पार पडली, आणि पाहतात तो कंपनीत २५,००० च्या खाली कोणी उरलंच नव्हतं. यंत्र पगाराच्या चढत्या क्रमानं एकेकाला गाठत होतं. वाढ मिळालेला माणूस त्या क्रमात पुढे सरकायचा आणि पुन्हा समोर यायचा, पुन्हा वाढ घ्यायचा. तो दिवस हॅलोवीनचा होता, म्हणून हा ‘हॅलोवीन प्रॉब्लेम’. भुताखेतांशी संबंध एवढाच. आजही डेटाबेसचं इंजिन लिहिणाऱ्याला हा दोष याच नावानं शिकवतात. नुसता क्रमांक दिला असता तर कोणाच्या लक्षात राहिला असता?

पवईच्या आयआयटीतले एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत, त्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पुस्तकातही अशी छुपी मिस्किली आहे. त्यातल्या काल्पनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राला आइनस्टाइन आहेत, पगार ९५,०००. संगीताला मोझार्ट, पगार ४०,०००, प्राध्यापकांत सर्वांत कमी. कलाशाखेच्या लोकांनी यावर काय ते बोलावं.

२००७ साली रँडल मन्रो यांनी ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत एका आईची गोष्ट काढली. मुलाचं नाव तिनं असं ठेवलंय की त्यातच ‘विद्यार्थ्यांचा तक्ता काढून टाक’ ही आज्ञा दडलीय. शाळेनं ते नाव जसंच्या तसं संगणकात टाकलं आणि वर्षभराची नोंद गेली. बाहेरून आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालू द्यायचा नाही, हा सुरक्षेचा धडा द्यायला कंपन्या तासभराची सत्रं घेतात. त्यात लोकांना आठवतं ते या मुलाचं, म्हणजे बॉबी टेबल्सचं चित्र. सत्र घेणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून पहिल्याच स्लाइडवर बॉबी असतो.

मग येतो बॅकअप. या बिरादरीतला लाडका विनोद असा की बॅकअप हा श्रोडिंजरच्या मांजरासारखा : रिस्टोअर करून पाहीपर्यंत तो जिवंतही असतो आणि मेलेलाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीला त्याचा अनुभव आला. प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात अशी ही सेवा. मुख्य डेटाबेस एका सर्व्हरवर, त्याची चालती नक्कल दुसऱ्यावर. नक्कल मागे पडली होती, म्हणून रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरनं तिचा फोल्डर पुसून नव्यानं सुरुवात करायचं ठरवलं. पुसला तो मुख्य सर्व्हरचा. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, आज्ञा थांबवली. तोवर ३०० जीबीच्या आसपास असलेल्या माहितीतली ४.५ जीबी उरली होती.

आता बॅकअप. रोजचा बॅकअप निघतच नव्हता, कारण तो काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता. तो फसतोय हे सांगणारे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. क्लाउडमधली बॅकअपची जागा उघडली तर रिकामी. डिस्कच्या छबी घ्यायची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. वाचवलं ते साधारण सहा तासांपूर्वी वेगळ्याच चाचणीसाठी हातानं घेतलेल्या एका प्रतीनं, आणि ती घेणारा होता तोच इंजिनिअर. सेवा उभी राहायला १८ तासांच्या आसपास लागले, सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच.

हे सगळं आपल्याला इतकं तपशिलात माहीत आहे, कारण कंपनीनं लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, कामाच्या नोंदी सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्या. त्या नोंदींत असंही होतं की आज आपण आणखी कुठली जोखमीची आज्ञा चालवू नये हे बरं, असं त्या इंजिनिअरचंच मत आहे. पुढच्या उपायांच्या यादीत एक अगदी साधा : कोणत्या सर्व्हरवर बसलोय ते पडद्यावर ठळक दिसू दे. पुण्या-मुंबईतही प्रॉडक्शनची, म्हणजे खऱ्या चालत्या सर्व्हरची खिडकी लालभडक करून ठेवणारे डीबीए भेटतात.

जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो. मुद्दाम एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे त्याच रात्री बँकांची वर्षअखेर असते, त्यामुळे इथल्या डीबीएला हा विनोद दोनदा सोसावा लागतो.

कंपनीच्या आतलं प्रशिक्षण म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक, सक्तीचा ऑनलाइन कोर्स. ‘नेक्स्ट’ दाबत जायचं, शेवटी दहा प्रश्न, सात बरोबर आले की प्रमाणपत्र. दुसरी केटी, म्हणजे निघालेल्या माणसानं आलेल्याला काम समजावून देणं. इंजिनिअरिंगला विषय राहून केटी लागली की घरी बोलणी बसायची, इथे केटी मिळाली नाही म्हणून बोलणी बसतात. दोन्हींत काय करायचं ते सांगतात; काय बिघडलं होतं, ते चहाच्या टपरीवर कळतं. आणि टपरीवर सगळे नसतात. रात्रपाळीला बसलेला कंत्राटी मुलगा तिथे नसतो, सहाची कॅब गाठायची असलेली बाई नसते. आणि तीन वाजता सर्व्हर पडला की पहिला फोन त्या रात्रपाळीच्या मुलालाच जातो.

काही कंपन्यांनी टपरी आत आणली. गूगलमध्ये ‘व्हील ऑफ मिसफॉर्च्युन’ नावाचा खेळ आहे. एकजण सूत्रधार होतो, बहुधा आधी कधी घडलेलं संकट मांडतो; समोरच्यानं सांगायचं की मी आता अमुक तपासीन, सूत्रधार सांगणार की तिथे तुला हे दिसतं. बाकीचे बघतात, हसतात, सुचवतात. एट्सी या अमेरिकी कंपनीत वर्षातून एकदा तीन बाह्यांचा स्वेटर दिला जायचा, तो सगळ्यांना चकित करेल अशी मोडतोड ज्याच्या हातून झाली त्याला. तिथल्याच जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली दोष न देता केलेल्या चौकशीबद्दल लिहिलं : शिक्षेची भीती असली की माणूस तपशील गाळतो, आणि तपशील गेला की दुरुस्ती चुकीच्या जागी होते. त्या स्वेटरमागे हा विचार होता म्हणून तो चालला. नुसता स्वेटर आणून इथल्या एखाद्या ऑफिसात वाटला, आणि मार्चच्या अप्रेझलला तीच चूक काढली, तर पुढच्या वर्षी स्वेटर घ्यायला कोणी पुढे येणार नाही.

म्हणून विनोद कोण कोणावर करतो, हे मी बघतो. वरिष्ठानं आपलीच फजिती सांगितली तर फ्रेशर पुढच्या खेपेला लवकर हाक मारतो. त्यानंच फ्रेशरला ‘ढ’ ठरवलं तर तो हाक मारायचं टाळतो, आणि मग दोन सेकंदांत थांबवता आली असती ती आज्ञा दोन तास चालते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी द्यायच्या कागदात प्रॉडक्शनचा पासवर्ड छापलेला असेल, तर हसायचं कोणावर?

जुलै २०२५ मध्ये हा नवा माणूस माणूसच नव्हता. रेप्लिट या कंपनीच्या एआय मदतनिसानं, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालता डेटाबेस पुसला. वर, आता तो परत आणता येणार नाही, असंही सांगितलं. तो परत आणता आला. जाब विचारल्यावर उत्तर मिळालं की मी घाबरलो. इतकं जुनं उत्तर इतक्या नव्या यंत्राकडून आल्यावर जगभरचे डीबीए हसले नसते तरच नवल. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली आणि पहिला उपाय जाहीर केला : सरावाचा डेटाबेस आणि प्रॉडक्शनचा डेटाबेस यापुढे वेगळे राहतील.