झिरपणे की उसळणे?

मराठी विश्वकोशाने प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ म्हटले. शब्द नेमका आहे. तो रुळला नाही, ही गोष्ट वेगळी. मला अडते ते त्याच्या क्रियापदाशी. संमीलन-यंत्रातला हा तप्त द्रायू चुंबकीय वेढ्यातून बाहेर येतो, तेव्हा तो नेमके काय करतो? सहज सुचते ते ‘झिरपतो’.

झिरपण्यात संथ, सलग गती गृहीत असते, माठातून पाणी पाझरावे तशी. आत घनता जास्त, बाहेर कमी. उतार जितका तीव्र तितकी गळती अधिक. टोकामॅकच्या कडेचे गणित बराच काळ याच रीतीने मांडले गेले. त्यात लागणारा गळतीचा गुणांक मोजमापाशी जुळेल असा बसवून घेतला जाई. असा आकडा झालेल्या प्रयोगाचे वर्णन करतो. न बांधलेल्या यंत्राविषयी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आम्हा वडोदरेकरांना जवळच्या गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा टोकामॅक सुरू झाला. त्याच्या कडेला मोजलेल्या चढउतारांत सलगपणा नव्हता. मधूनच मोठ्या उसळ्या येत. तिथल्या संशोधकांनी हे १९९२ मध्ये प्रसिद्ध केले.

उसळी येते कशी? कंकणाकृती यंत्रात बाहेरच्या अंगाला चुंबकीय क्षेत्र क्षीण असते आणि वक्रही. त्यामुळे आयन वर सरकले तर इलेक्ट्रॉन खाली सरकतात. दाट गोळ्याच्या दोन टोकांना विरुद्ध प्रभार साचतात, त्यांतून विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि अख्खा गोळाच भिंतीकडे लोटला जातो. गाभ्यात घनतेचे चढउतार सरासरीच्या जेमतेम टक्काभर असतात. कडेला ते सरासरीएवढेही होतात. मग सरासरी एका खात्यात आणि तिच्यावरचे तरंग दुसऱ्या, अशी वाटणी टिकत नाही. दोन्ही एकत्र सोडवावे लागतात, आणि त्यासाठी महासंगणक राबतात.

फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘ईटर’मध्ये टंगस्टनच्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरमागे सुमारे १० मेगावॉट उष्णता झेलावी लागेल. ती किती रुंद पट्ट्यात पसरेल, हे ठरवण्यात या खळबळीचा मोठा वाटा आहे.

म्हणून मी वर्गात ‘उसळून निसटतो’ म्हणतो. ‘खळबळ’ की ‘संक्षोभ’, यावर भौतिकीच्या सहकाऱ्यांशी माझा वाद अजून चालू आहे.