सूक्ष्मजीवांचे उपकार

वसईच्या किल्ल्याकडून उत्तरेस अर्नाळ्याच्या दिशेने जाऊ लागले, म्हणजे केळीच्या, पानवेलींच्या व फुलांच्या वाड्या दृष्टीस पडतात. या वाड्यांत गोड्या पाण्याची जुनी तळी आहेत. अशा तळ्याला तेथील लोक ‘बावखल’ म्हणतात. पावसाचे पाणी बावखलात साठते, जमिनीत मुरते आणि समुद्र इतका जवळ असूनही आसपासच्या विहिरी गोड राहतात. या पाण्यावरच पिढ्यान्‌पिढ्या वसईच्या बागा फुलल्या.

पुढे वस्ती वाढली. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालची काही गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. जेथे लाखो माणसे राहतात, तेथे दररोज कोट्यवधी लिटर सांडपाणी निर्माण होते. ते तसेच बावखलात किंवा खाडीत जाऊ दिले तर काय होईल?

मुलांनो, पाणी घाण झाले म्हणजे मासे मरतात, हे तुम्ही ऐकले असेल. परंतु ते घाणीने गुदमरून मरतात असे नव्हे. सांडपाण्यातील अन्नाचे कण व मैला हे सूक्ष्मजीवांचे भक्ष्य होय. हे जीव इतके लहान असतात, की एका मिलिमीटरच्या लांबीत त्यांपैकी शेकडो जीव सहज मावतील. भक्ष्य विपुल मिळताच त्यांची संख्या भराभर वाढते. ते पचविण्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते वापरून टाकतात आणि माशांना श्वास घेण्यापुरताही प्राणवायू उरत नाही. म्हणजे सूक्ष्मजीव आपले काम चोख करीत असतात. मात्र ते काम भलत्या जागी चाललेले असते! तेच काम योग्य जागी करवून घ्यावे, हेच सांडपाणी शुद्ध करण्याचे रहस्य आहे.

विरारजवळ बोळींज येथे महानगरपालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. अशा केंद्रांत प्रथम जाळ्यांनी चिंध्या, प्लॅस्टिक इत्यादी कचरा अडवितात व वाळू खाली बसू देतात. त्यानंतर पाणी मोठ्या टाकीत येते. तेथे यंत्रांनी पाण्यात सतत हवा खेळविली जाते. भरपूर भक्ष्य आणि भरपूर प्राणवायू मिळाल्यामुळे सूक्ष्मजीव झपाट्याने घाण फस्त करतात. पुढे पाणी स्थिर ठेवले, की त्यांचे पुंजके गाळाच्या रूपाने तळाशी बसतात आणि वर निवळ पाणी राहते. उरलेले रोगजंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन घालतात.

या गाळाचे महत्त्व १९१४ साली इंग्लंडातील मँचेस्टर शहरी आर्डर्न व लॉकेट या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यांनी सांडपाण्यात हवा सोडली, तेव्हा ते निवळण्यास कित्येक आठवडे लागले. परंतु तळाचा गाळ फेकून न देता त्यांनी त्यावरच नवे सांडपाणी ओतले. असे पुनःपुन्हा करता करता तेच काम काही तासांत होऊ लागले. कारण त्या गाळात कामाला तयार असलेल्या सूक्ष्मजीवांची फौजच होती. म्हणूनच आजही गाळाचा काही भाग टाकीत परत सोडतात.

मग उरलेल्या गाळाचे काय? येथे दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव उपयोगी पडतात. त्यांना हवा मुळीच सोसत नाही. गाळ, शेण किंवा खरकटे बंद टाकीत कोंडले, की काही जीव त्याचे लहान घटक करतात, काही त्यांपासून आम्ले बनवितात आणि शेवटचे त्यांपासून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू तयार करतात. या शेवटच्या जीवांचे काम संथ असते. टाकीत एकदम फार खरकटे कोंबले, तर आम्ले साचतात आणि वायू बनणे थांबते. टाकीलाही अजीर्ण होते म्हणायचे!

दलदलीतून निघणारा वायू पेटतो, हे इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली दाखविले होते. आपल्याकडे मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतील वायू गोळा करून त्यावर दिवे लावण्यात आले. पुणे जिल्ह्यातील देहू गावी डॉ. सुहास मापुसकर हे १९६० च्या सुमारास सरकारी दवाखान्यात आले. उघड्यावरील शौचामुळे रोग पसरतात, हे पाहून त्यांनी गावात घरोघरी शौचकूप व्हावेत म्हणून अनेक वर्षे कष्ट घेतले आणि शौचकूपांना जोडलेली वायुसंयंत्रेही उभारली. जो मैला रोगाचे कारण होता, त्याच मैल्यापासून चुलीला इंधन व शेताला खत मिळाले. २०१७ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

या चिमुकल्या सेवकांना वेतन नको, विश्रांती नको. परंतु त्यांना सांभाळावे मात्र लागते. मोरीत ओतलेले तेल, रंग व तीव्र औषधे त्यांना मारक ठरतात. प्लॅस्टिक तर त्यांना पचतच नाही. म्हणून ओला कचरा व सुका कचरा निरनिराळा ठेवावा आणि मोरीत काय जाते याकडे लक्ष द्यावे. आपण एवढे केले, तर उरलेले काम ते मुकाट्याने पार पाडतील आणि वसईच्या बावखलांत मासे पोहत राहतील.