काडतुसाची चरबी आणि गोलौलीची दुपार

१८५७ चा विषय निघाला की काडतुसाची चरबी येतेच. गाईची होती की डुकराची, शिपाई का बिथरले, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतील. पण मुळात काडतुसाला चरबी फासायची गरजच काय होती, हे सहसा कोणी विचारत नाही. उत्तर धर्माशी नव्हे, नेमाशी जोडलेलं आहे. आणि तेच उत्तर हाती घेतलं की मे १८५८ मध्ये काल्पीजवळ गोलौलीला, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाईंच्या फौजेसमोर, इंग्रजांची नावाजलेली बंदूक ऐन वेळी का अडखळली तेही समजतं.

आधी जुनी बंदूक बघू. कंपनीच्या शिपायाच्या हातात असायची ती गुळगुळीत नळीची. नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर, आणि शिशाची गोळी त्याहून दीड-एक मिलिमीटर लहान. हा ढिलेपणा मुद्दामच ठेवलेला असे, कारण काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन मागे उरतो. दहा-पंधरा बार काढले की नळीच्या आत थर बसतो. गोळी घट्ट असती तर ती गजाने ठासता ठासता शिपाई घायकुतीला आला असता. पण सैल गोळी नळीतून आदळत-आपटत बाहेर पडते, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यावर ती कुठे जाणार हे ठरतं. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. म्हणून तर पलटणी रांगेत उभ्या करून एकदम बार काढायची पद्धत होती.

नळीत पेचदार खाचा पाडल्या की गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. ही युक्ती शेकडो वर्षं जुनी आहे. अडचण एकच होती: फिरकी बसायला गोळी खाचांत रुतावी लागते, आणि रुतणारी गोळी तोंडाकडून भरायला वेळ लागतो. फ्रान्समध्ये मिनिए या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी आली आणि ही गाठ सुटली. लांबट गोळी, बूड पोकळ. भरताना सैल, बार उडाला की दारूच्या वायूने बूड फुगतं आणि खाचांत घट्ट बसतं. १८५३ च्या एनफिल्डची गोळी याच तत्त्वावर होती.

आता आकडे बघा, कारण सगळी गोष्ट त्यांत आहे. एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८ इंच. मधली फट मिलिमीटरच्या पावभागाहूनही कमी. ही फट गोळीभोवती गुंडाळलेल्या कागदाने भरायची. गोळीचं वजन ५३० ग्रेन (सुमारे ३४ ग्रॅम), दारू अडीच ड्रॅम, म्हणजे ६८ ग्रेनच्या आसपास. नळीत तीन खाचा, ७८ इंचांत एक वळसा. दर्शकपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

एवढ्या लांबचा नेम केवळ बंदुकीच्या जोरावर लागत नाही. प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखं हवं. दारू थोडी कमी पडली तर गोळी मंद जाते आणि लांब पल्ल्यावर हातभर खाली लागते. ओतीव गोळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तिचा भारमध्य सरकतो आणि ती डुलत जाते. म्हणून वूलिचच्या कारखान्यात गोळ्या ओतण्याऐवजी मऊ शिशाच्या कांडीतून यंत्राने दाबून काढत. परीक्षाही सोपी पण कठोर होती. बंदूक टेकवून ठरावीक अंतरावरून बार काढायचे, छिद्रांच्या घोळक्याचा मध्य काढायचा आणि तिथून प्रत्येक छिद्राचं अंतर मोजून सरासरी घ्यायची. घोळका निशाणापासून दूर पडला तर चालतं, दर्शक सरकवता येतो. घोळका पसरला तर मात्र दोष बहुतेक वेळा काडतुसात. आजही परदेशांत लांब पल्ल्याच्या स्पर्धांत उतरणारे पुष्कळ नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरतात ते याच कारणाने. दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतात, गोळ्या वजनाप्रमाणे निवडतात, एका वेळी एकच गोष्ट बदलून घोळका मोजतात.

चरबीचं काम इथे येतं. ती फट इतकी थोडी, की काजळी सुकून कडक झाली तर दुसरी-तिसरी डझन गोळी नळीत उतरणारच नाही. चरबी आणि मेणाचं मिश्रण काजळी मऊ ठेवायचं, आणि पुढची गोळी जाता जाता ती पुसून न्यायची. ते गोळीच्या टोकाला लावत. दाताने फाडायचं ते दारूचं टोक. अर्थात दहा-दहांच्या पुडक्यात, आपल्या उन्हाळ्यात, वितळलेलं मिश्रण आपल्या टोकाला राहतं असं कोण म्हणेल? चरबी कुठल्या जनावराची हे ठेक्यात ठरवलेलं नव्हतं, तेव्हा शिपायांचा संशय वाऱ्यावरचा नव्हता.

आता गोलौली. झाशी पडली, कोंच गेलं, आणि ह्यू रोज यमुनेच्या काठाने काल्पीपाशी आला. २२ मे १८५८ ला पेशव्यांच्या फौजेने भर उन्हात हल्ला चढवला. गोरा शिपाई उन्हाला टिकत नाही हा त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. रोजच्या अहवालात एक कबुली आहे, तिच्याकडे आपल्या लेखकांचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. तो सांगतो की आजवर संख्येतली उणीव एनफिल्ड भरून काढत होती. त्या दिवशी तो आधार उरला नाही. उष्णतेने आणि इतर कारणांनी काडतुसं अशी झाली होती की भरणं जड जात होतं आणि मारा बेभरवशाचा झाला होता. बंदुका त्याच, माणसंही तीच. पण चरबी उन्हाने कागदात मुरली की गोळी कोरडी राहते, आणि शिशावर चरबीची प्रक्रिया होऊन कागद चिकटला की गोळी जाड होते. पाव मिलिमीटरची फट संपायला एवढं पुरे.

उजव्या बाजूला हल्ला तोफांच्या अगदी जवळ आला. ब्रिगेडियर स्टुअर्टने गोलंदाजांना तलवारी उपसून तोफा राखायला सांगितलं. रोज उंटस्वारांची ताजी तुकडी घेऊन धावला, माणसं उतरवली आणि संगिनींवर निभावून नेलं. दुसऱ्या दिवशी काल्पी इंग्रजांच्या हाती गेली, आणि १ जूनला पेशवे, राणी आणि तात्या ग्वाल्हेरात शिरले. पुढचं इथल्या वाचकाला सांगायला नको.

एनफिल्डची गोळी नंतर ०.५५ इंचांवर आणली गेली, म्हणजे फट तिपटीने वाढवली, आणि पोकळ बुडातल्या लाकडी बुचावर गोळी फुगवण्याचा भार टाकला. मिश्रणही बदललं. चरबी अगदी कमी करून मुख्यतः मधमाश्यांचं मेण वापरू लागले, कारण ते उन्हात टिकतं आणि शिशाला खात नाही. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या शिपायांना विचारलं होतं की चरबी नको तर मग काय लावायचं. त्यांनी सुचवलं होतं, मेण आणि तेल.